घरातल्या कुंड्यांना आपोआप पाणी आणि खत, खालच्यांच्या छताला ओल न आणता

पाण्याची बाटली उलटी खुपसून ठेवा, पंधरा दिवस चिंता नाही, असं सांगणाऱ्यांना आधी हात जोडतो. कोकोपीटच्या भुसभुशीत कुंडीत ती बाटली दोन तासांत रिकामी होते, आणि माती घट्ट असेल तर पंधरा दिवसांनीही भरलेलीच सापडते. दोन्ही करून बघितलंय. आम्ही मालवणात पहिल्या मजल्यावर राहतो, दर मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला जातो ते दोन-तीन आठवड्यांनी परततो, म्हणून हा सगळा खटाटोप. स्वतःच्या घरी, बहिणीकडे, शेजारीपाजारी धरून सात-आठ ठिकाणी बसवून झालाय.

सामान: रंगाची २० लिटरची झाकणवाली बादली (स्वच्छ धुतलेली, पारदर्शक नको), १२ व्होल्टचा छोटा पाण्यात बुडणारा पंप आणि त्याचा अडॅप्टर, ४ मिमीची ठिबकची नळी, टी-जॉइंट, फिरवून कमी-जास्त होणारे ड्रिपर (नळीच्या टोकाला लावायची, थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं), आणि डिजिटल टायमर. कूलरचा पंप घरात पडलाय म्हणून तो लावू नका, २३० व्होल्ट पाण्यात सोडून कुलूप लावून गावाला जायचं हे मला तरी जमत नाही. टायमर डिजिटलच हवा, आत बॅटरी असलेला. ते गोल चकतीचे टायमर स्वस्त मिळतात पण बहुतेकांत एक खिट्टी म्हणजे १५ मिनिटं, तेवढ्यात आख्खी बादली खाली होईल, आणि लाइट गेली की चकतीपण जागच्या जागी थांबते, मग सकाळी सातचं पाणी दुपारी दोनला.

स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट या लाइनवर घेऊच नका. जाताना एक तांब्या पाणी घाला, तीन आठवडे त्यांना काही होत नाही. मनी प्लांट, पीस लिली, अरेका पाम, सिंगोनियम, फर्न एवढेच लाइनवर.

जोडणी: बादलीच्या तळाशी एक वाटी उपडी घालून त्यावर पंप, म्हणजे गाळ ओढत नाही. झाकणाला नळी आणि वायरपुरतं भोक, फटीत कापडाचा बोळा, नाहीतर आठ दिवसांत डासांची अंडी. बोळा अगदी घट्ट ठासू नका, आत हवा जायला हवी. मेन नळी कुंड्यांमागून फिरवायची, प्रत्येकीसाठी टी टाकून फाटा काढायचा. झालं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

पहिल्या वर्षी बादली ठेवली स्टुलावर. वाटलं, उंचावर असली की पंपाला सोपं. टायमर एका मिनिटाचा, घरी दोनदा चालवून बघितलं, पंप बरोबर थांबला, मी खूश. तिसऱ्या दिवशी दादरला असताना खालच्या काकींचा फोन, "अरे, तुझ्या घरातसून पाणी गळता हा, नळ उघडो रवलो काय?" चावी त्यांच्याकडेच होती. वर जाऊन बघतात तर नळ सगळे बंद, टायमर बंद, पंप बंद, आणि बादली ठणठणीत कोरडी. वीसच्या वीस लिटर लादीवर, तिथून त्यांच्या छतात. रंगाचा खर्च मीच दिला.

पंप बिघडला नव्हता. गाडीतून पेट्रोल काढताना नळी एकदा तोंडाने ओढली की पुढे आपोआप वाहत राहते, तेच झालं होतं. पंपाने फक्त सुरुवात करून दिली. बादलीतल्या पाण्याची पातळी जोपर्यंत ड्रिपरच्या तोंडापेक्षा वर आहे तोपर्यंत पाणी थांबणार नाही, टायमर काहीही म्हणो. मी घरी चाचणी घेतली तेव्हा पंपाचा आवाज थांबला की उठून गेलो होतो, ड्रिपरकडे बघितलंच नाही.

आणि बादली जमिनीवर ठेवली म्हणजे सुटलो असंही नाही, इथे जवळपास सगळे फसतात. भरलेल्या बादलीतलं पाणी सव्वा फुटाच्या आसपास असतं, आठ इंची कुंडी शेजारी लादीवरच ठेवली तर तिचं तोंड त्याच्या खालीच येतं. म्हणजे बादली अर्धीअधिक उतरेपर्यंत पाणी वाहतच राहणार. मोजायचं ते पाण्याच्या वरच्या पातळीपासून, बादलीच्या बुडापासून नाही. आणि दहांपैकी एक जरी कुंडी खाली असली तरी पुरे, सगळं पाणी त्या एकीतून निघतं. माझा अरेका असाच कुजला, बाकीच्या कुंड्या ठीक आणि हा पिवळा, महिनाभर मी त्याला कीड लागली समजून कडुनिंबाचं तेल मारत होतो.

दुकानात विचारलंत तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह देतील. मलाही दिला होता. घेऊ नका. तो पाणी मागे येऊ देत नाही, आपलं पाणी पुढे पळतंय, साधा व्हॉल्व्ह त्याला काय करणार.

उपाय दोनच. शक्य असेल तर सगळ्या कुंड्या बाकावर किंवा स्टँडवर घ्या आणि बादली खाली लादीवर, ड्रिपरची तोंडं भरलेल्या पाण्याच्या चार बोटं तरी वर. ते जमत नसेल तर नळीला भोक पाडा. हो, भोक. पंपातून वर येणारी नळी जिथे बादलीच्या आतच पण पाण्याच्या वर असते, अगदी झाकणाखाली, तिथे दाभण तापवून दीड मिमीचं एक भोक. पंप चालू असताना त्यातून बारीक चिळकांडी उडते, ती बादलीतच पडते, काही बिघडत नाही. पंप थांबला की त्याच भोकातून हवा आत शिरते आणि पाण्याची साखळी तुटते. भोक पाण्याखाली गेलं तर उपयोग शून्य, म्हणून बादली काठोकाठ भरायची नाही. दर वेळी भरताना टाचणी घालून भोक मोकळं आहे ना ते बघा, खताचं पाणी असलं की तिथे पांढरी खपली धरते आणि महिन्याभराने सगळा घोटाळा पुन्हा सुरू.

यानंतरही मेन नळीत साचलेलं पाणी सगळ्यात खालच्या कुंडीत उतरतंच, ४ मिमी पोकळीच्या दहा मीटर नळीत सव्वाशे मिली. तिथे पीस लिली ठेवा, तिला चालतं.

मापं: प्रत्येक ड्रिपर चहाच्या कपात सोडून पंप चालवायचा आणि फिरवून फिरवून पाणी सारखं करायचं, वरच्या शेल्फवरचा जास्त उघडावा लागतो. माझ्याकडे आठ इंची कुंडीला एक दिवसाआड २०० मिली पुरतं, दहा कुंड्यांचे झाले दोन लिटर, म्हणजे बादली फार तर वीस दिवस जाते. हे दोनशेही अर्धं सकाळी अर्धं संध्याकाळी देतो, कारण लाइट नेमकी पाणी द्यायच्या वेळेला गेली तर निदान अर्धं पोचतं. जाण्याआधी चार दिवस घरी असतानाच चालवा आणि पंप थांबल्यावर दहा मिनिटं तिथेच बसून ड्रिपरकडे बघत राहा.

टायमर-अडॅप्टरला जाणारी वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून आलेला थेंब खालीच गळून पडतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर येतो, तो पावसाळ्याआधी पॉलिश पेपरने घासून काढायचा, अर्थात प्लग सॉकेटमधून काढून.

खत: पाण्यात पूर्ण विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखं), लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे बादलीला १० ग्रॅम, साधारण दोन चहाचे चमचे सपाट. एक बादली खताची, पुढची साध्या पाण्याची, म्हणजे कुंडीत क्षार साठत नाहीत. पाकिटावरचा डोस याहून जास्त असतो, तो शेतातल्या पिकाला, उन्हात. हॉलमधल्या मनी प्लांटला एवढी भूक नसते. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र कालवलं की फॉस्फेटशी मिळून पांढरा गाळ बसतो.

जीवामृत, गांडूळखताचं पाणी, शेणकाला, तांदळाचं धुवण, सगळं उत्तम, पण मगाने आणि स्वतःच्या हाताने. बादलीत नाही. बहिणीने ऐकलं नाही, दोन दिवसांत सगळे ड्रिपर बंद आणि हॉलमध्ये असा वास की पाहुण्यांना पडवीतच बसवायची पाळी. विहिरीचं पाणी असेल तर जांभ्यातलं लोह उतरून नळीत तांबूस गिळगिळीत थर येतो, तेव्हा पंपाच्या तोंडाला स्पंजचा तुकडा लावा. पांढरी खपली धरलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकून सकाळी खळखळून धुवायचे. कोकमाच्या सोलाने तांब्याची भांडी लखलखतात म्हणून आमच्या आईने एकदा ड्रिपर धुवायला आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, सुचवलं होतं, त्यात मीठ असतं, कुंड्यांच्या जवळपासही नको.

मृग लागला की टायमर बंद. जून ते सप्टेंबर घरातल्या हवेतच एवढी ओल असते की आठ-दहा दिवसांनी कुंडी उचलून हलकी लागली तरच हाताने पाणी, नाहीतर मातीवर बुरशी आणि त्या बारीक काळ्या माश्या. बादली धुऊन उपडी घाला, पंप सुकवून ठेवा. गणपतीत घर भरलेलं असतं तेव्हा तर लावूच नका, कोणीतरी मोबाईल चार्जिंगला लावायला टायमरचा प्लग काढतोच. मी सॉकेटवर "काढू नये" अशी चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठी तशीच होती, खाली चार्जर.