तिठ्यावर आधी कोण? चौकातल्या पाट्या कशा वाचाव्यात

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत उलटा त्रिकोण दिसला की ‘रस्ता द्या’ या उत्तरावर टिचकी मारायला सहसा कोणी चुकत नाही. तोच त्रिकोण फाट्यावर दिसला की मात्र अंगठा हॉर्नवर जातो.

मीही त्यातलाच होतो. ऐन श्रावणात वाडीच्या रस्त्याने स्कूटर काढली आणि सरळ मुख्य रस्त्याला घातली. उजवीकडून चिरे भरलेला ट्रक येत होता. त्याने कचकचून ब्रेक मारला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि एवढंच विचारलं, “पाटी दिसली नाय?” खरंच दिसली नव्हती, घाणेरीच्या जाळीत ती पार गुडूप झाली होती. तरी चूक माझीच होती. का, ते पुढे येईलच.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रस्त्याचा कायदा ‘तू आधी घूस’ असं कोणालाच सांगत नाही. थांबायचं कोणी, एवढंच तो ठरवतो. म्हणून चौकात शिरताना ‘माझा हक्क आहे का’ यापेक्षा ‘इथे मला थांबायला सांगितलंय का’ हे शोधा.

आधी आकार पाहा, अक्षरं नंतर

खाऱ्या हवेने आणि पावसाने आपल्याकडच्या पाट्यांची काय दशा होते, ते सांगायला नको. रंग उडतो, गंज चढतो, वर निवडणुकीचं पोस्टर चिकटतं. पण दोन पाट्यांचा आकार मुद्दाम इतर पाट्यांपेक्षा वेगळा ठेवलेला आहे. अष्टकोनी पाटी फक्त ‘थांबा’ची असते, लाल रंगावर पांढरी अक्षरं. टोक खाली केलेला, लाल काठाचा पांढरा त्रिकोण फक्त ‘रस्ता द्या’चा. रंग उडाला किंवा रात्री नुसती कड दिसली तरी अर्थ कळतो. पाठीमागूनही कळतो. शेजारच्या रस्त्याच्या तोंडाशी अष्टकोनाची पाठ दिसली, तर थांबायचं तिकडच्यांनी आहे. ते थांबतील यावर मात्र पैज लावू नका.

‘थांबा’ म्हणजे चाकं पूर्ण थांबवायची, रस्ता मोकळा असला तरी. रस्त्यावर आडवा सलग पांढरा पट्टा असेल तर त्याच्या अलीकडे. आपल्याकडची खरी अडचण तिथून पुढे सुरू होते, कारण पट्ट्यापाशी उभं राहिलं की समोर जांभ्याचा गडगा आणि त्यावर कोणाचं तरी कुंपण. काही दिसत नाही. अशा जागी दोनदा थांबायचं. पहिल्यांदा पट्ट्यापाशी, मग पहिल्या गिअरमध्ये हळूहळू नाक पुढे काढून दिसेल तिथे दुसऱ्यांदा. उजवीकडे बघा, डावीकडे बघा आणि निघण्याआधी परत उजवीकडे.

‘रस्ता द्या’ला पूर्ण थांबण्याची सक्ती नाही. वेग कमी करायचा, रस्ता रिकामा असेल तर जायचं, नसेल तर थांबायचं. या पाटीसोबत रस्त्यावर बहुधा आडवी तुटक रेघ असते. आपण नीट रस्ता दिला की नाही, हे ओळखायची कसोटी सोपी आहे: तुमच्यामुळे दुसऱ्याला ब्रेक मारावा लागला किंवा बाजूला घ्यावं लागलं, तर तुम्ही रस्ता दिला नाही.

जागा पुरेल की नाही, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी एसटी एका सेकंदात जवळपास १७ मीटर कापते. तुम्हाला रस्ता ओलांडून सरळ व्हायला पाच सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात ती ८० मीटरहून पुढे आलेली असते. पाऊस असेल तर तिला थांबायलाही जास्त अंतर लागतं. वळणाच्या पलीकडे लाल रंग दिसला की सोडून द्या, एसटी जाऊ दे.

टोक वर असलेले त्रिकोण

हे हुकूम देत नाहीत, पुढे काय आहे ते सांगतात: चौक, डावीकडून किंवा उजवीकडून मिळणारा रस्ता, तिठा, वर्तुळाकार चौक. आतल्या काळ्या रेघा म्हणजे पुढच्या रस्त्याचा नकाशाच. यातली एक पाटी आवर्जून ओळखा: उभी बारीक रेघ आणि तिला छेदणारी आडवी जाड रेघ. पुढे मुख्य रस्ता आहे आणि तुम्ही छोट्या रस्त्यावर आहात, असा तिचा अर्थ. म्हणजे तिथे थांबायची पाळी तुमची.

पाटीच नसेल तर

कोकणात हा प्रसंग जास्त. वाडीचे रस्ते, बागेतून निघणाऱ्या वाटा, सागरी महामार्गाला मिळणारे बंदराकडचे फाटे, इथे पाटी मिळाली तर नशीब. देशात १९८९ पासून रस्त्याचे नियम होते आणि त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे विनियम आले. चौकाबद्दलचा गाभा मात्र तोच आहे: मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्या, आणि दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला.

उजवाच का? आपण डावीकडून चालतो. चौकात शिरताच आपण पहिल्यांदा आडवे येतो ते उजवीकडून येणाऱ्याला. डावीकडचा आपल्याला अर्धा रस्ता ओलांडल्यावर भेटतो.

पण हा नियम घोकून कोणी फाट्यावर ‘मी त्याच्या उजवीकडे आहे, तो थांबेल’ असं म्हणत मुंबई-गोवा महामार्गावर गाडी घातली, तर काय होईल ते सांगायला नको. तिथे मुख्य रस्त्याचा नियम आधी लागतो. मुख्य रस्ता ओळखायच्या खुणा डोळ्यांसमोरच असतात: रुंदी, मधली रेघ, किलोमीटरचा दगड, एसटीचा थांबा. माझी चूक हीच होती. पाटी घाणेरीत होती, पण रस्त्याची रुंदी काही लपली नव्हती.

उजवीकडे वळायचं असेल तर समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्या. रत्नागिरीच्या मारुती मंदिरासारख्या सर्कलला आत फिरत असलेली गाडी आधी आणि आत शिरणारी नंतर. आत फिरणारी गाडी तुमच्या उजवीकडूनच येते, त्यामुळे वेगळं काही पाठ करावं लागत नाही. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यावर पायी चालणाऱ्याचा मान पहिला. बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपली घेतलेल्या मावशींसाठी थांबलात, तर मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

चौपदरीकरणानंतर उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडचा नवा घोळ झालाय. सर्व्हिस रोडवरून महामार्गाला लागणाऱ्याने थांबायचं, एवढं बहुतेकांना कळतं. पण लांबचा वळसा वाचवायला उलट्या दिशेने येणारे बरेच असतात. म्हणून तिथे एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघून मगच चाक पुढे टाका.

घाट, साकव आणि फेरी

अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं, हा नुसता शिष्टाचार नसून नियमच आहे. भरलेला डंपर चढावर एकदा थांबला की परत उचलताना मागे सरकण्याची भीती असते. अरुंद पुलाची पाटी मात्र फक्त सावध करते, आधी कोण ते सांगत नाही. साकवावर जो आधी चढलाय त्याला उतरू द्यावं, हीच रीत बरी. त्रिकोणात होडी दिसली की पुढे फेरीबोट आहे. दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, बोटीतल्या गाड्या उतरेपर्यंत उतारावर मध्ये घुसून उभे राहू नका.

रात्री सिग्नल लुकलुकत असेल तर लाल म्हणजे थांबा, मग रस्ता पाहून जा. पिवळा म्हणजे हळू व्हा आणि बघत जा. १०८ची गाडी भोंगा वाजवत आली तर वरचं सगळं बाजूला ठेवून तिला वाट द्या. न दिल्यास १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि दिवे मारण्याबद्दल. चाकरमान्यांपैकी कोणी दिवे मारले की ‘जा तुम्ही’ असं समजून निघू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी येतोय, थांब’ असाच असतो. हात दाखवून बोलावणाऱ्यावरही विसंबू नका. त्याच्या मागून ओव्हरटेक करणारी मोटारसायकल त्याला दिसलेली नसते.

तुमच्या फाट्यावरची पाटी पडली असेल, तर फोटो काढून ग्रामपंचायतीत आणि बांधकाम विभागात लेखी द्या. पाटी कुठल्या बाजूला होती आणि आकार कोणता होता, हे अर्जात लिहायला विसरू नका. नुसती रानात झाकलेली असेल, तर अर्जाची वाट कशाला बघायची? आमच्या वाडीच्या फाट्यावरची घाणेरी आता पाऊस उघडला की मीच कोयता घेऊन साफ करतो.