जुनी पट्टी शेजारी ठेवा: कोरोनरी आजारात ईसीजीवरून धोका कसा जोखायचा

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असतानाही विश्रांतीतला ईसीजी बऱ्याचदा नॉर्मल निघतो. म्हणून ‘ईसीजी नॉर्मल आहे, काही नाही’ हे वाक्य या रुग्णांपुरतं तरी विसरून जावं. पट्टीला, म्हणजे ईसीजीच्या कागदाला, अर्थ येतो तो दोन गोष्टींनी: त्याच माणसाची आधीची पट्टी शेजारी असली तर, आणि तो किती चालू शकतो हे माहीत असलं तर. नौपाड्यापासून नेरूळपर्यंतच्या दवाखान्यांत ईसीजी काढणाऱ्या नर्स, टेक्निशियन, फॅमिली डॉक्टर आणि घरी फाइल सांभाळणारी मंडळी यांच्यासाठी हे लिहिलं आहे. औषध बदलणं, अँजिओग्राफी करणं हे निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचेच.

आधी पट्टी भरवशाची हवी

कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी आणि उंची १ मिलीव्होल्टला १० मिमी असावी. पट्टीवर उभी चौकोनी खूण दिसते, ती बरोबर दहा बारीक चौकटी उंच आहे ना ते पाहा. मोठे उठाव कागदात मावत नाहीत म्हणून कधी कधी उंची अर्धी करतात आणि तसं लिहायचं राहून जातं. मग एसटीतला (ठोक्याचा मोठा उठाव आणि त्यानंतरची टी लाट यांच्यामधला भाग) दोन मिमीचा फरक एकच मिमी दिसतो. स्नायूंचा फिल्टर ३५-४० हर्ट्झवर ठेवला की रेघ सुबक येते, पण बारीक खाचा पुसल्या जातात. शक्य तिथे तो बंद ठेवावा.

वायरी: लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. लाल-पिवळीची अदलाबदल झाली की लीड १ (लीड म्हणजे हृदयाकडे एका कोनातून बघणारी रेघ) पूर्ण उलटी येते आणि एव्हीआर ही लीड सरळ दिसते. असं दिसलं तर निदान करण्याआधी वायरी तपासा.

सगळ्यात जास्त चुका छातीवर होतात. छातीच्या मधल्या हाडावरून बोट वरून खाली फिरवलं की एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी असते आणि तिच्याखाली दुसरी फट, म्हणजे दोन बरगड्यांमधली जागा. तिथून आणखी दोन फटी खाली आलं की चौथी फट मिळते. तिथे हाडाच्या उजवीकडे व्ही१ हा इलेक्ट्रोड, डावीकडे व्ही२. व्ही४ पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यावरून सरळ खाली. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ यांच्या मधोमध. व्ही५ आणि व्ही६ व्ही४च्याच पातळीवर: पहिला काखेच्या पुढच्या कडेखाली, दुसरा काखेच्या मध्याखाली. घाईत व्ही१-व्ही२ एक-दोन फटी वर लागतात. मग आर लाट (ठोक्याचं वर जाणारं टोक) पुढच्या लीडमध्ये वाढत नाही, टी (ठोक्याच्या शेवटची लाट) उलटी दिसते आणि हृदयाच्या समोरच्या भिंतीला जुना अ‍ॅटॅक येऊन गेल्याचा भास होतो. बायकांमध्ये संकोचापायी इलेक्ट्रोड वरच लावले जातात. पडदा ओढावा, नीट सांगावं आणि व्ही४ स्तनाखालीच लावावा.

बल्बचे इलेक्ट्रोड असतील तर जेल थेंबाएवढंच लावावं. एका बल्बचं जेल ओघळून दुसऱ्याला मिळालं की दोन्ही लीड एकसारख्या दिसू लागतात. मे महिन्यातला घाम, छातीला चोळलेलं खोबरेल तेल किंवा पावडर आधी स्पिरिटने पुसून घ्यावी. एसी जोरात असेल तर थंडीने अंग थरथरतं आणि सगळी रेघ दातेरी येते. रुग्णाला चादर द्या, दोन मिनिटं पडून राहू द्या.

पट्टी निघाली की तिच्यावर पेनाने नाव, तारीख, वेळ, बीपी आणि ‘दुखतंय’ किंवा ‘दुखत नाही’ एवढं लिहा. हा शेवटचा शब्द पुढे फार कामाला येतो.

काय बघायचं

जुनी आणि नवी पट्टी एकाखाली एक ठेवा आणि लीडला लीड लावून बघा. एकटी पाहिली तर साधी वाटणारी टी लाट सहा महिन्यांपूर्वीच्या पट्टीत वेगळी असेल, तर तो बदल महत्त्वाचा. मशीनने वर ‘नॉर्मल’ छापलं असलं तरी मशीनने जुनी पट्टी पाहिलेली नसते.

शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये एक बारीक चौकट (०.०४ सेकंद) किंवा अधिक रुंद क्यू (मोठ्या उठावाआधीची खाली जाणारी लाट) नव्याने दिसली, तर मधल्या काळात स्नायूला इजा झालेली असू शकते, कदाचित छातीत न दुखताच, मधुमेहींमध्ये असं घडतं. पुढची पायरी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. फक्त लीड ३ मधली क्यू मात्र बहुधा निरुपद्रवी असते, खोल श्वास घेतल्यावर अनेकदा लहान होते.

एसटी अर्धा मिमी किंवा जास्त खाली, सपाट किंवा उतरती, आणि तीही नव्याने: त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, सोबत दुखत असेल तर थेट इमर्जन्सीत जा. सहा किंवा जास्त लीडमध्ये एसटी खाली आणि एव्हीआरमध्ये वर, शिवाय छातीत दुखतंय, असं असेल तर डावी मुख्य वाहिनी किंवा तिन्ही वाहिन्या अडल्याची शंका धरावी.

एक खूण हमखास सुटते. काल छातीत दुखलं, आज रुग्ण बरा आहे, आणि व्ही२-व्ही३ मध्ये टी खोल उलटी किंवा आधी वर मग खाली अशी आहे. दुखत नसताना दिसणारा हा आकार समोरच्या मुख्य वाहिनीत सुरुवातीलाच गंभीर अडथळा असल्याचं सुचवतो. अशा माणसाला ‘ट्रेडमिल करून बघू’ म्हणणं धोक्याचं आहे; त्याला तातडीने हॉस्पिटलात पाठवायचं.

बाकीचं थोडक्यात. क्यूआरएस (ठोक्याचा मुख्य उठाव) १२० मिलिसेकंदांहून रुंद, विशेषतः डावा बंडल ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूचा विद्युत मार्ग अडणं), म्हणजे इको हवाच. व्ही१ची एस (आरनंतरची खाली जाणारी लाट) आणि व्ही५ किंवा व्ही६ची आर मिळून ३५ मिमी किंवा जास्त असेल तर डावा कप्पा जाड झालेला असू शकतो, बीपी नीट तपासा; सडपातळ तरुणांत मात्र हे नुसतंच दिसतं. ठोके अनियमित आणि पी लाटा (मोठ्या उठावाआधीच्या छोट्या लाटा) गायब असतील तर पक्षाघाताचाही धोका, रक्त पातळ करण्याच्या औषधाबद्दल विचारा. क्यूटीसी (क्यूपासून टीच्या शेवटापर्यंतचा, ठोक्यांच्या वेगानुसार जुळवलेला वेळ) ५०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखं हा वेळ वाढवणारं काही औषध चालू आहे का आणि पोटॅशियम किती आहे, हे लगेच बघावं.

ट्रेडमिलचा रिपोर्ट

‘टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट) निगेटिव्ह’ एवढ्यावर फाइल बंद करू नका. रिपोर्टात किती मिनिटं चालले, का थांबले, एसटी किती मिमी उतरली, बीपी कसं चढलं, हे शोधा. ट्रेडमिलच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढाचा.

यावरून ड्यूक स्कोअर, म्हणजे धोक्याचा आकडा, घरच्या घरी मांडता येतो: चाललेली मिनिटं, वजा एसटीच्या मिमीची पाचपट, वजा दुखण्याच्या आकड्याची चौपट. दुखलं नाही तर आकडा ०, दुखलं पण चालता आलं तर १, दुखण्यामुळे थांबावं लागलं तर २. बेरीज +५ किंवा वर असेल तर धोका कमी, +४ ते -१० मध्यम, -११ किंवा खाली जास्त. समजा वाशीचे एक काका ६ मिनिटं चालले, एसटी दीड मिमी उतरली, थोडं दुखलं: ६ - ७.५ - ४ = -५.५, म्हणजे मध्यम. दुसरे ४ मिनिटांत छातीत कळ येऊन थांबले आणि एसटी २ मिमी खाली: ४ - १० - ८ = -१४. यांची अँजिओग्राफीची चर्चा लांबवू नये.

स्कोअरच्या बाहेरच्या दोन गोष्टी पाहाव्यात. थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, किंवा चालताना बीपी वाढण्याऐवजी विश्रांतीतल्यापेक्षा खाली गेलं, तर बाकी रिपोर्ट चांगला असूनही धोका वरचा धरावा.

बीटा ब्लॉकरमुळे (ठोके कमी करणारी गोळी) ठोके वयानुसार अपेक्षित कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोचलेच नाहीत, तर ती टेस्ट निगेटिव्ह नव्हे, अपुरी समजावी. तरी गोळी मनाने बंद करायची नाही. एकदम थांबवली की दुखणं बळावू शकतं. डावा बंडल ब्लॉक, पेसमेकर, विश्रांतीतच एक मिमीहून जास्त उतरलेली एसटी यांत ट्रेडमिलवरच्या ईसीजीवरून अर्थ लावता येत नाही. तिथे स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेला इको) किंवा थॅलियमसारखी इमेजिंगची, म्हणजे हृदयाची चित्रं घेणारी, तपासणी मागावी.

पट्ट्या जपणं

ईसीजीचा कागद बहुतेक वेळा थर्मल असतो. ‘टिकावा’ म्हणून तो लॅमिनेट केला की उष्णतेने सगळा काळा होतो. प्लास्टिकच्या पाकिटात किंवा चिकटपट्टीखालीही रेघ फिकी पडते, पावसाळ्याच्या दमटपणात तर लवकरच. काढल्या दिवशीच झेरॉक्स करा आणि मोबाइलवर फोटो घ्या: फ्लॅश बंद, कागद सपाट, तारीख आणि चौकोनी खूण दोन्ही दिसतील असा. तब्येत स्थिर असली तरी वर्षातून एकदा नवी पट्टी काढून घ्यावी, आणि धाप किंवा छातीतलं दुखणं वाढलं की लगेच.

छातीत दाबल्यासारखं होऊन दरदरून घाम फुटला तर ईसीजीसाठी दवाखाने शोधत फिरू नका. १०८ला फोन करा. घोडबंदर रोड किंवा ऐरोली पुलावर संध्याकाळी किती अडकायला होतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून चोवीस तास कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. तो हातात आला की मोबाइलमधली शेवटची चांगली पट्टी डॉक्टरांसमोर धरा.