किडनी आणि अँटिबॉडीचे रिपोर्ट: या चुका टाळा

पाय सुजलेत, सांधे दुखतात, लघवीला फेस येतो. कुणीतरी 'एएनए करून घे' म्हणतं (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांवर उलटणाऱ्या अँटिबॉडीची रक्ततपासणी). म्हापशाच्या किंवा मडगावच्या लॅबमध्ये रक्त दिलं जातं, रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' येतं आणि रात्रभर मोबाईलवर ल्यूपस या ऑटोइम्यून आजाराबद्दल वाचून घाबरलेलं कुटुंब सकाळी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत येतं. फायलीत चार-पाच हजारांचे रिपोर्ट असतात, पण लघवीचा साधा रिपोर्ट नसतो. मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही आहे.

ऑटोइम्यून विकारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि तिच्या अँटिबॉडी किडनीतल्या बारीक गाळण्यांना इजा करतात. इजा झाली आहे का, किती झाली आहे, हे मात्र लघवी आणि क्रिएटिनिनच (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) सांगतात. म्हणून आधी लघवीची तपासणी: प्रथिनं किती, तांबड्या पेशी आहेत का, प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर किती. शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. बायकांनी पाळीच्या दिवसांत देऊ नये, नाहीतर नसलेलं रक्त रिपोर्टात दिसतं.

एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्यूपस नव्हे

निरोगी माणसांतही १:८० या पातळीवर (म्हणजे नमुना ऐंशी पट पातळ करूनही) शंभरातल्या दहापेक्षा जास्त जणांची एएनए पॉझिटिव्ह येते, १:१६० वर सुमारे पाच जणांची. ल्यूपसच्या वर्गीकरणाचे २०१९ चे निकष पाहा. त्यात एएनए ही केवळ आत शिरायची अट आहे, तिला स्वतःचा एकही गुण नाही. उलट बायोप्सीत (किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गाचा ल्यूपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्यूपसने किडनीला झालेला दाह, दिसला, तर लागणारे दहाच्या दहा गुण तिथेच मिळतात. त्यामुळे लघवीत प्रथिनं आणि रक्तपेशी असताना बायोप्सीला घाबरून रक्ताच्या तपासण्या वाढवत बसू नका.

निदान झाल्यावर दर तीन महिन्यांनी एएनए करणं हा पैशांचा अपव्यय आहे, आजार शांत झाला तरी ती पॉझिटिव्हच राहू शकते. पाहायचं ते डीएस-डीएनए (डीएनएवर उलटणारी अँटिबॉडी), सी३, सी४ (आजार जोरात असताना सहसा घटणारी रक्तातली प्रथिनं) आणि त्यांच्या सोबतीला लघवी. डीएस-डीएनए वाढली पण लघवी स्वच्छ आहे, अशा वेळी स्वतःच स्टेरॉइड वाढवू नका, लघवी लवकर-लवकर तपासा. आणि आकडा सुधारला म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्यूपसचं नेहमीचं औषध बंद करू नका.

रिपोर्टची वाट पाहण्यात दिवस घालवू नका

सोमवारी क्रिएटिनिन १.४ होतं, शुक्रवारी ३ झालं, लघवी चहासारखी येतेय. इथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो. अँका (पांढऱ्या पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडी; पीआर३ आणि एमपीओ हे त्यांचे दोन प्रकार) आणि अँटी-जीबीएम (किडनीच्या गाळणीच्या पडद्यावर उलटणारी अँटिबॉडी) या तपासण्या एकाच वेळी मागा, कारण अँटी-जीबीएम असलेल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांत अँकाही सापडते. अशा खास तपासण्यांचे नमुने अनेकदा गोव्याबाहेरच्या लॅबमध्ये जातात, मध्ये रविवार किंवा चतुर्थीची सुट्टी आली की रिपोर्ट आणखी लांबतो. घरी बसून त्याची वाट पाहू नका, नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरकडे) भरती व्हा. डॉक्टर रिपोर्टआधीच उपचार सुरू करतात ते घाईने नव्हे, उशीर झाला तर किडनी परत मिळत नाही म्हणून. रक्त मात्र जमल्यास स्टेरॉइडच्या किंवा प्लाझ्मा बदलण्याच्या आधी काढून ठेवावं.

पावसाळ्यात आपल्याकडे गोंधळ आणखी वाढतो. शेतात किंवा बागायतीत काम करणाऱ्याला ताप आला आणि किडनी बिघडली, तर पहिला संशय लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) घेणं योग्यच. पण ताप उतरूनही क्रिएटिनिन चढतच असेल तर या तपासण्यांचं नाव काढायला हवं. उलटही घडतं: क्षयरोगात, हृदयाच्या झडपांच्या संसर्गातही अँका पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे संसर्ग न शोधता प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर जिवावर बेतू शकतं. रिपोर्टवर नुसतं 'पी-अँका पॉझिटिव्ह' (सूक्ष्मदर्शकात दिसलेला अँकाचा एक नमुना) असेल, तर पीआर३ आणि एमपीओचे आकडे मागून घ्या.

मधुमेह आहे, म्हणून सगळं मधुमेहामुळेच?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं देशातलं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. त्यामुळे लघवीत प्रथिनं दिसली की सगळा दोष साखरेवर जातो. पण सूज अचानक आली असेल, डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाची खूण नसेल, तर मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचा (गाळण्यांचा पडदा जाड होऊन प्रथिनं गळण्याच्या विकाराचा) विचार व्हायला हवा. तिच्यासाठी पीएलए२आर ही अँटिबॉडी २००९ साली सापडली. प्राथमिक (दुसऱ्या आजारामुळे न झालेल्या) मेम्ब्रेनसमध्ये ती साधारण सत्तर टक्के रुग्णांत मिळते. पॉझिटिव्ह आली, किडनीचं काम चांगलं असलं आणि बाकी चित्र जुळत असलं तर डॉक्टर बायोप्सी टाळूही शकतात. निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असं मात्र समजू नका.

उपचारांत धीर सुटतो तो इथेच. अँटिबॉडी आधी उतरते, लघवीतली प्रथिनं त्यानंतर कित्येक महिन्यांनी. आकडा खाली आला, पण पायांची सूज तशीच, म्हणून 'औषध लागू पडत नाही' असं ठरवून डॉक्टर बदलणारे रुग्ण मी पाहिलेत. खूप वाईट वाटतं, कारण औषध लागू पडलेलं असतं. दर वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने तपासणी करा. एका लॅबचा ६० आणि दुसरीचा ९० यांची तुलना करता येत नाही.

दक्षिण गोव्यातल्या काणकोणात नोंदलेला, कारण न सापडणारा किडनीचा विकार वेगळा आहे. त्यात लघवीत प्रथिनं फारशी जात नाहीत, त्यामुळे तिथे अँटिबॉडीचं सगळं पॅनेल करण्यात सहसा काही हाती लागत नाही.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा, काही पद्धतींत त्यांनी आकडा चुकतो. ल्यूपस असलेल्या मुलीला मूल हवं असेल तर अँटी-रो (बाळाच्या हृदयावर परिणाम करू शकणारी अँटिबॉडी) आणि अँटिफॉस्फोलिपिड (रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपाताशी जोडलेल्या अँटिबॉडी) तपासण्या गर्भधारणेआधीच करून घ्या. यातली अँटिफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह आली, तर किमान बारा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायची असते. हे बारा आठवडे लग्नाच्या किंवा बाळाच्या बेतात आधीच धरा.