मालिका संपल्यावरची नावं वाचायची कशी? देखावा बसवणाऱ्या मंडळांसाठी

बेळगावातल्या कुठल्याही मंडळात शिवजयंतीच्या चित्ररथाची बैठक बसली की ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पूर्ण बघितलेली दोन-चार पोरं तिथं असतातच. ‘सर, ह्या वर्षी तसलं काहीतरी करूया की!’ मी शहापुरात राहतो, जिवंत देखाव्यांची रंगभूषा करतो, त्यामुळं हे वाक्य माझ्यापर्यंत येतंच. तसलं करायची हौस चांगली आहे. पण त्या मालिकेत कुठलं काम कुणी केलं आणि कशानं केलं, हे आधी ओळखता आलं पाहिजे. ते कसं ओळखायचं, तेच इथं सांगतो.

भाग संपला की पडदा बारीक होतो आणि पुढचा भाग आपोआप सुरू व्हायला बघतो. त्या बारीक चौकटीवर बोट ठेवा, नावं पुन्हा मोठी होतात. वही जवळ ठेवा. सगळी नावं उतरवू नका, हात दुखेल आणि हाती काही लागणार नाही. दिग्दर्शन, पात्रनिवड, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा आणि संगीत एवढ्या सहा कामांपुढची नावं लिहा. चार भाग झाले की वहीत दिसेल, दिग्दर्शक बदलतोय पण बाकीची नावं बरीचशी तीच आहेत. 2011 ते 2019 या काळात 8 हंगाम आणि 73 भाग झाले, दिग्दर्शक कितीतरी आले-गेले, तरी ते जग एकच वाटतं ते या टिकून राहिलेल्या लोकांमुळं. सुरुवातीची नावंही सोडू नका. तिथं मुख्य नटाच्या नावाशेजारी त्याच्या पात्राच्या घराण्याचं चिन्ह येतं, लांडगा किंवा सिंह. कोण कुठल्या घरातला हे नवख्याला तिथंच कळतं.

मग एकच काम धरायचं आणि त्या एका कामासाठी भाग परत बघायचा. मी वेशभूषेपासून सुरुवात करायला सांगतो, कारण आपल्या हाताला सगळ्यात जवळचं काम तेच. या मालिकेच्या बहुतेक हंगामांची वेशभूषा मिशेल क्लॅप्टन यांची. उत्तरेच्या भिंतीवर पहारा देणाऱ्यांच्या खांद्यावरचे ते केसाळ काळे झगे आठवतात? त्यातले काही आयकियाच्या दुकानात मिळणाऱ्या जमिनीवरच्या गालिच्यांचे होते, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. गालिचा कापला, केस भादरले, चामड्याचे पट्टे लावले आणि मग तो मळवला, झिजवला. खरी कला या शेवटच्या पायरीत आहे. आपल्याकडं ड्रेपरीवाल्याकडून अंगरखा येतो तो इस्त्रीचा, झगझगीत, आणि चार दिवस घोड्यावर बसून आलेला मावळा लग्नाला निघाल्यासारखा दिसतो. भाड्याच्या कपड्याला हात लावता येत नाही, म्हणून निदान कांबळं, शेला, कमरेचा पट्टा एवढं स्वतःचं करा. खडेबाजारात केसाळ पायपुसणं शोधा, चहाच्या पाण्यात बुडवा, उन्हात वाळवा, कडा दगडावर घासा. बघताना खांदा, कोपर आणि झग्याची खालची किनार बघा. कापड तिथंच झिजतं.

रंगभूषा म्हणजे माझं काम, म्हणून इथं जरा थांबतो. चौथ्या हंगामात बर्फाच्या प्रेतांचा राजा, म्हणजे नाइट किंग, पहिल्यांदा दिसतो. चौथ्या आणि पाचव्या हंगामात तो रिचर्ड ब्रेक, सहाव्यापासून पुढं व्लादिमीर फुर्दिक. फुर्दिक मुळात साहसदृश्यं करणारा माणूस. नट बदलला तरी बघणाऱ्याला राजा तोच वाटला, कारण चेहरा बॅरी गावर यांच्या पथकानं घडवलेल्या, चेहऱ्यावर चिकटवायच्या कृत्रिम त्वचेच्या तुकड्यांचा होता. दोन्ही नटांची दृश्यं लागोपाठ लावून चित्र थांबवा आणि कपाळ, गालाचं हाड, डोळ्यांभोवतीची कड बघत जा. आतला माणूस वेगळा, तरी वरचं रूप कुठं धरून ठेवलंय ते सापडेल. आपल्याकडं असे तुकडे करायचं लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, थोडं आणि रात्र लांब. चित्ररथ नरगुंदकर भावे चौकातून निघाला की पहाटेपर्यंत चालतो, मे महिन्याच्या घामानं तुकडे चिकटवायचा स्पिरिट गम सुटतो. म्हणून तुकडे थोडे आणि पातळ ठेवा. ते कपाळावर आणि गालाच्या हाडावर बसवा, तोंडाजवळ नको. बाकीची खोली तपकिरी आणि काळ्या छायेनं काढा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा दिवा खालून येतो, त्यामुळं रंग लावताना आरशाजवळचा दिवाही खालीच ठेवा. जी छाया घरी वरच्या दिव्यात छान दिसते ती चौकात उलटी पडते.

नटांचं काम बघायचं तर एका माणसाचे हात बघा. आर्या झालेली मेझी विल्यम्स उजव्या हाताची. मूळ कादंबरीत आर्या डावखुरी आहे म्हणून ती डाव्या हातानं तलवार शिकली. पडद्यावरचं हे तिचं पहिलंच मोठं काम, आणि तिला निवडणाऱ्या नीना गोल्ड यांचं नाव वहीत पात्रनिवडीपुढं असेलच. मंडळात सगळ्यात धिप्पाड पोराला अफझलखान करून मोकळं होतात. आधी हातात दांडपट्टा देऊन प्रत्येकाला चार पावलं चालवून बघा. निवड तिथं होते.

संगीतासाठी पडद्याकडं पाठ करून बसा. रामीन जवादी यांच्या शीर्षक संगीतात चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं, खर्जातलं वाद्य, पुढं आहे. मालिकेत बासरी नको, असं निर्मात्यांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. पियानो तर सहाव्या हंगामाच्या शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवला, आणि तो वाजला तेव्हा काहीतरी भयंकर होणार हे अंगावर आलं. आपल्या ध्वनिफितीत तुतारी पहिल्या मिनिटाला वाजते, मग दर मिनिटाला वाजते. ती एकदाच वाजू दे, महाराज येतात तेव्हा.

गर्दीचा प्रसंग शिकायचा असेल तर मिगेल सापोच्निक यांनी दिग्दर्शित केलेला सहाव्या हंगामातला लढाईचा भाग बघा. त्याबद्दल त्यांना एमी हे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं. शेकडो माणसं धडकतात, पण कॅमेरा एका माणसाला सोडत नाही. ट्रॉलीवर बारा मावळे असले तरी नजर कुणावर ठेवायची हे बसवणाऱ्यानं आधी ठरवावं. ड्रॅगन आणि संगणकाचं काम आपल्या उपयोगाचं नाही, ते सोडून द्या.

आठव्या हंगामात मेजवानीच्या टेबलावर आजकालचा कॉफीचा कप राहिला आणि जगभर गाजला. नंतर तो चित्रातून काढून टाकला. ट्रॉलीवरून काही काढता येत नाही. म्हणून निघायच्या आधी एकाच माणसाला एवढंच काम द्या: प्रत्येकाचं मनगट, कान, पाय तपासायचे. घड्याळ, इअरफोन, स्पोर्ट्स शूज, प्लास्टिकची बाटली. त्यानं ‘हो’ म्हटल्याशिवाय ट्रॅक्टर हलवू नका.

ही मालिका मोठ्यांसाठी आहे, रक्तपात आणि नागडेपणा भरपूर. शाळकरी पोरांना घेऊन बसायचं असेल तर 1985 ची ‘विक्रम और बेताल’ लावा. रामानंद सागर यांची निर्मिती, अरुण गोविल विक्रम, सज्जन वेताळ. तिथं चमत्कार कमी खर्चातले आहेत, त्यामुळं कसा केला असेल हे पोरांना स्वतःच ओळखता येतं. वही त्यांच्याही हातात द्या.

आणि येत्या वर्षी ट्रॉलीच्या मागच्या फळीवर आपल्याही नावांचा फलक लावा. लांबून वाचता येईल एवढं अक्षर, काळ्यावर पांढरं. देणगीदार बाजूच्या फळीवर, इथं फक्त काम केलेले लोक: संवाद कुणी लिहिले, आवाज कुणी दिले, किल्ला कुणी रंगवला, फेटे कुणी बांधले, जनरेटर कुणी सांभाळला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं नाव याच यादीत, याच आकारात.