अमेरिकन टीव्हीत डायरेक्टर व्हायचंय? मग आधी हे वाचा

पहिली गोष्ट म्हणजे टीव्हीत डायरेक्टर सेटची मालकीण नसते, तो मान शोरनरचा, म्हणजे अख्खा शो चालवणाऱ्या मुख्य लेखक-निर्मात्याचा. आपण एका एपिसोडपुरत्या पाहुण्या, म्हणजे दुसऱ्याच्या घरात, त्यांच्याच भांड्यात, त्यांच्याच चवीचा स्वयंपाक करायचा आणि तरी तो आपला वाटला पाहिजे, असं काहीसं काम आहे हे.

शिरायचं कुठून? फिल्म स्कूल चांगलंच, पण बऱ्याच जणी बाजूच्या दाराने आल्यात. मिमी लेडर आधी स्क्रिप्ट सुपरवायझर होती, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं जुळतंय ना याची नोंद ठेवणारी, 1995 ला 'ईआर' या हॉस्पिटलवरच्या मालिकेसाठी तिने एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं बक्षीस, मारलं. लेस्ली लिंका ग्लॅटर डान्समधून आली, एएफआयचं (अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचं) बायकांसाठीचं डायरेक्टिंग वर्कशॉप आहे ना, 1974 पासूनचं, तिथे केलेली तिची शॉर्टफिल्म ऑस्कर नॉमिनेशनपर्यंत गेली, 2021 ला बाई डायरेक्टर्स गिल्डची, म्हणजे डायरेक्टर लोकांच्या युनियनची, अध्यक्ष झाली.

मग शॅडोइंग, म्हणजे एखाद्या डायरेक्टरच्या मागे शूटच्या तयारीपासून एडिटपर्यंत फिरायचं, बहुतेकदा फुकटात. तिथे भारी शॉट्स टिपत बसू नका, वेळ कमी पडल्यावर ती काय सोडते ते बघा.

एपिसोड मिळाला की टोन मीटिंग सगळ्यात महत्त्वाची. शोरनरसोबत सीन बाय सीन बसायचं आणि हा जोक आहे की खरंच दुखतंय याला, असले बावळट वाटणारे प्रश्न तिथेच विचारून घ्यायचे, सेटवर विचारले तर उशीर झालेला असतो. शॉट लिस्टमध्ये, म्हणजे घ्यायच्या शॉट्सच्या यादीत, प्रत्येक सीनला एकच शॉट लाल पेनने गोल करा, ज्याच्याशिवाय सीन मरतो. एका तासाच्या ड्रामाला शूटचे साधारण आठ दिवस, लंचनंतर फर्स्ट एडी, म्हणजे वेळापत्रक सांभाळणारा असिस्टंट डायरेक्टर, घड्याळ दाखवत आला की बाकीच्यांवर काट मारायची, लालवर नाही. एडिटला गिल्डच्या नियमाने चार दिवस आपले असतात, चारही घ्या, उगाच चांगुलपणा करून एक दिवस सोडू नका.

खरी गोची दुसऱ्या एपिसोडची. 1979 ला गिल्डमधल्या सहा जणींनी आकडे काढले तर मागच्या तीस वर्षांत डायरेक्शनची जेमतेम अर्धा टक्का कामं बायकांना मिळालेली, 1983 ला गिल्ड स्टुडिओंविरुद्ध कोर्टात गेलं तर 1985 ला केस फेटाळली गेली. आता पहिला एपिसोड मिळतो, पण नंतर फोन येईनासा होतो. म्हणून टेलिकास्टची वाट बघू नका, आपला एडिट दिल्याच्या आठवड्यातच शोरनरला विचारा, दुसऱ्या शोमध्ये माझ्यासाठी एक फोन कराल का?