दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर कसं काढावं?

फ्लाइट डिस्पॅचच्या, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि इंधन आखण्याच्या अभ्यासाला नव्यानं बसणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगतो: भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वीगोल घ्या आणि दोरा ताणून बघा. न्यूयॉर्कचा जेएफके आणि माद्रिदचा बाराहास हे विमानतळ जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साडेचाळीस अंश उत्तरेला. नकाशा बघून वाटतं, सरळ पूर्वेला जावं. तसं गेलात तर सुमारे 5950 किमी होतात. ताणलेला दोरा मात्र उत्तरेकडे झुकतो, मध्यावर 46 अंशांच्याही वर जातो आणि अंतर भरतं 5775 किमीच्या आसपास. हाच ग्रेट सर्कलचा, म्हणजे गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग. तो एकदा हातानं ताणून पाहिला की पुढे सूत्राचं उत्तर चुकलं तर चटकन खटकतं.

आता आकडेमोड. विमानतळाच्या संदर्भबिंदूचे अक्षांश-रेखांश त्या देशाच्या एआयपीत, म्हणजे हवाई वाहतुकीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत असतात, अंश, मिनिटं आणि सेकंदांत. बहुतेकांची गफलत इथेच होते. 40 अंश 38 मिनिटं म्हणजे 40.38 नव्हे, 40.633. एवढ्यानं विमानतळ 28 किमी सरकतो! पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावा. मग अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचं अंतर देणारं हॅवरसाइन सूत्र वापरा, पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी धरून. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्यानं यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. तो नको असेल तर डब्ल्यूजीएस-84, म्हणजे पृथ्वीच्या चपट्या आकाराचं प्रमाणित मापन वापरणारा प्रोग्रॅम घ्या. नॉटिकल मैल हवे असतील तर किलोमीटरला 1.852 नं भागा.

इथपर्यंतचं काम यंत्रही करतं. मला या विषयाची गोडी लागली ती वाऱ्यामुळे. समजा जमिनीवरचं अंतर 3000 नॉटिकल मैल आहे आणि विमानाचा हवेतला वेग 480 नॉट, म्हणजे तासाला 480 नॉटिकल मैल. समोरून 60 नॉटचा वारा असेल तर विमान हवेतून सुमारे 3429 नॉटिकल मैल कापतं, तोच वारा पाठीमागून असेल तर 2667. इंधन ठरतं ते या हवेतल्या मैलांवर. म्हणून सिंगापूर ते न्यूयॉर्क हे ग्रेट सर्कल अंतर साधारण 15,340 किमी असूनही ते विमान पुष्कळदा पॅसिफिकवरून, पाठीमागचा वारा घेत, 16 हजार किमीहून जास्त उडतं. लांबचा रस्ता वेळ आणि इंधन वाचवतो, हे स्वतः गणित करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

सरावासाठी एखादी लांबची जोडी निवडा. ग्रेट सर्कल अंतर काढा, मग उडती विमानं नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 वर त्या मार्गावरची विमानं जाता-येता कुठून जातात ते काही दिवस बघा. मार्ग वाकला असेल तिथे कारण शोधा: वारा, बंद असलेली हवाई हद्द, की दोन इंजिनांच्या विमानाला पर्यायी विमानतळाच्या आवाक्यात राहायचं होतं? कारण सापडेपर्यंत पुढची जोडी घेऊ नका.