नकाशा टिचकीने बोलका करायचाय? आधी एसव्हीजी बघा

गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीचा नकाशा वेबसाइटवर टाकायचाय आणि धक्क्यावर टिचकी मारली की वेळा दिसायला हव्यात? मग डोळे झाकून एसव्हीजी घ्या, म्हणजे रेघा आणि आकारांनी बनलेलं वेबवरचं चित्र. त्यात प्रत्येक धक्का, प्रत्येक रेघ वेगळा घटक असतो. त्याला थेट क्लिक जोडता येतं, सीएसएसने (वेबपानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेने) रंग बदलता येतो, आणि मोबाइलवर कितीही मोठं केलं तरी ‘चोडण’ हे नाव धूसर होत नाही. दुसरा पर्याय कॅनव्हास, म्हणजे वेबपानावरची चित्र रंगवायची पाटी. तिच्यावर नुसते पिक्सेल (रंगाचे ठिपके) उरतात. टिचकी कुठे पडली याचा हिशेब आपणच ठेवायचा. नकाशातल्या मांडवी नदीवर हजारो थेंबांचा पाऊस पाडायचा असेल, तर मात्र कॅनव्हासच बरा, एसव्हीजी तिथे रखडतं. असे हलते-बोलते नकाशे पूर्वी फ्लॅशमध्ये केले असतील, तर त्या जुन्या फायली टाकून देऊ नका. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा आधार संपला, तरी रफल या फ्लॅश फायली चालवणाऱ्या प्रोग्रामवर त्यातल्या बऱ्याचशा आजही चालतात.